लाईट गेली, पेटीत मासे आहेत: आता काय?

आजचा विषय ऐकून तुमच्यातले निम्मे जण म्हणतील, हे काय आता? घरातला फिश टँक अचानक बंद पडला तर काय करायचं, यावर आख्खा एक भाग? हो. कारण ज्यांच्या घरी टँक आहे त्यांना माहितीये, तो बंद पडतो तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात, दुकान बंद असतं आणि यूट्यूब बघायला नेटही नसतं. तेव्हा शिकायला वेळ नसतो. जे काय करायचं ते आधीच करून ठेवावं लागतं.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी दोन ओळी. मी बी.टेक. झालेली, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. गाव धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं गाव. लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष गावाकडून काम केलं, त्या काळात समोरच्या खोलीत तीन फुटी टँक बसवला. मग ऑफिसनं परत बोलावलं. मी आले पुण्याला, टँक राहिला धावड्यात. आता तो आई बघते. आई त्याला टँक म्हणत नाही, पेटी म्हणते. मी पण आज अधूनमधून पेटीच म्हणेन, चालवून घ्या.

म्हणजे माझी अडचण अशी की मासे एका गावात आणि मी दुसऱ्या. काही झालं तर मला पोचायला अख्खा दिवस लागतो. आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की रात्री ज्याला फोन येतो त्याला ऑन-कॉल म्हणतात. इथे ऑन-कॉल माझी आई आहे, आणि ड्युटीला हो म्हणालीस का, हे तिला कुणी विचारलेलं नाही.

आता टँक फेल झाला म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते फुटलेली काच. त्याचं कारण बर्लिन. १६ डिसेंबर २०२२ ला पहाटे बर्लिनच्या एका हॉटेलच्या लॉबीतला अ‍ॅक्वाडोम नावाचा प्रचंड दंडगोल टँक फुटला. १० लाख लिटर पाणी, साधारण १,५०० मासे. पाणी हॉटेलचे दरवाजे तोडून रस्त्यावर आलं. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली, दोघं जखमी झाले. टँकमधले जवळपास सगळे मासे गेले. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. पुढे तपास झाला, पण फुटण्याचं एक पक्कं कारण काही हाती लागलं नाही.

पण त्याच बातमीत एक छोटी गोष्ट होती, ती फार कुणी शेअर केली नाही. लॉबीच्या खालच्या भागात वेगळे टँक होते, त्यात काहीशे मासे होते. ते टँक फुटले नव्हते. तरी ते मासे धोक्यात आले, कारण वीज गेली आणि हवा बंद झाली. त्यांना तातडीनं बाहेर काढून दुसरीकडे हलवावं लागलं.

आणि त्याआधी न्यू ऑर्लिन्स. ऑगस्ट २००५, कॅटरिना वादळ. तिथलं मोठं मत्स्यालय, अ‍ॅक्वेरियम ऑफ द अमेरिकाज, वादळात उभं राहिलं. इमारतीचं फार बिघडलं नाही. पण शहरात वीज नाही, कर्मचाऱ्यांना बाहेर पडावं लागलं आणि मागे जनरेटर बंद पडला. साधारण १०,००० मासे होते, बहुतेक सगळे मेले. पेंग्विन वाचले, पाणमांजरं वाचली. का? ते वरची हवा घेतात. पाण्यातली हवा घेणारे गेले.

तर मंडळी, आपण सगळे घाबरतो बर्लिनला आणि आपल्या घरी होतं ते न्यू ऑर्लिन्स. काच शाबूत, पाणी शाबूत, आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत.

हे का होतं ते पटकन सांगते, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो. पाण्यात हवेतला ऑक्सिजन विरघळतो, पण फार थोडा. २५ अंशाला एका लिटरमध्ये साधारण ८ मिलिग्रॅम. पाणी तापलं की तो अजून कमी होतो, ३५ अंशाला साधारण ७. आणि पाणी तापलं की माशाची भूक वाढते तशी ऑक्सिजनची गरजही वाढते. म्हणजे आवक कमी, खर्च जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, त्या दिवसांत लाईट गेली तर थंडीतल्यापेक्षा फार कमी वेळ हातात असतो. किती कमी? ते टँकवर आहे. पाणी भरपूर आणि मासे मोजके असतील तर कित्येक तास काही होत नाही. दुकानदारानं ‘अजून चार घ्या ताई, छान दिसतील’ म्हणून भरून दिलेला टँक असेल, तर तासा-दोन तासात मासे वर दिसायला लागतात.

दुसरं असं की फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणू राहतात. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो हे जिवाणू खाऊन टाकतात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो. म्हणजे हवा बंद झाली की मासे गुदमरतात आणि सफाई कामगारही संपावर जातात. आपल्या भागात बोअरचं पाणी खारट-जड, पीएच वरच्या बाजूला. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून ‘माझ्या पुण्याच्या मित्राचा टँक आख्खी रात्र टिकला’ हा हिशोब भोकरदन तालुक्यात चालत नाही.

आता गोष्ट सांगते. गेल्या मे महिन्यात वादळी वारं सुटलं आणि आमच्या भागाची डीपी जळाली. गावाकडच्यांना वेगळं सांगायला नको, ‘लाईट गेली’ आणि ‘डीपी जळाली’ यात काय फरक आहे. पहिल्यात आपण मेणबत्ती शोधतो, दुसऱ्यात दळण कुठून आणायचं ते ठरवतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईट आली.

घरात इन्व्हर्टर आहे. १५० अँपिअर-तासाची बॅटरी, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. माझा हवेचा पंप ५ वॉटचा. कुणीही इंजिनिअर भागाकार करून सांगेल की ३६० तास, पंधरा दिवस! कागद असाच बोलतो. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतःच थोडी वीज खातो, बॅटरी जुनी झालेली असते आणि मुख्य म्हणजे त्या बॅटरीवर घरातली माणसंसुद्धा असतात. माझी आजी ऐंशीच्या घरात आहे. रात्री उकाड्यात तिला पंखा लागतो. पहिल्या रात्री आजीचा पंखा, बाबांचा पंखा, एक बल्ब. पहाटे इन्व्हर्टर टूं टूं करून गप्प.

आईनं त्या रात्री माशांचा पंप इन्व्हर्टरवरून काढून ठेवला होता. फोनवर मला म्हणाली, “आजीचा पंखा चालू ठेवू का तुझे मासे?” तिनं मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आणि बरोबर सांगितलं होतं. ऐंशी वर्षांची बाई आणि चौदा मासे, यात निवाडा करायला काही नाही. प्रत्येक घरात ही वेळ येते आणि प्रत्येक घरात मासे हरतात, हरायलाच पाहिजेत. म्हणून माझं म्हणणं असं की माशांची वीज घराच्या विजेत मोजूच नका. त्यांना इतकी कमी लागते की त्यांची त्यांना वेगळी देता येते. मग कुणाला निवड करायची वेळच येत नाही.

वेगळी म्हणजे कशी? यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, ऑनलाइन किंवा मासेवाल्या दुकानात. ५ व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घेतो, म्हणजे सव्वा वॉट. तुमच्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात साधारण २५ वॉट-तास हाताला लागतात. भागाकार करा, वीस तास. धरून चाला पंधरा. मोबाईल चार्ज करायच्या त्याच पॉवर बँकेवर मासे रात्र आणि वर अर्धा दिवस काढतात.

इथे एक खोच आहे, नीट ऐका. बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट दिसला की ‘फोन फुल झाला’ असं समजून आपणहून बंद होतात. म्हणजे पंप लावून तुम्ही झोपलात आणि अर्ध्या तासात बँक झोपली! सगळ्यांच्या होत नाहीत, पण होतात. म्हणून पंप आणि बँक ही जोडी आधी एकदा तीन-चार तास चालवून बघायची आणि जी चालली ती बँक पेटीशेजारीच ठेवायची. दोघांवर एकाच रंगाची टेप. आमच्याकडे लाल आहे. लाल टेपची बँक मोबाईलला लावायची नाही, हा घरातला कायदा. माझ्या धाकट्या भावानं तो दोनदा मोडलाय, पण कायदा आहे.

त्या तीन दिवसांत ती बँक दोनदा संपली आणि दोन्ही वेळा चुलत भावाच्या पिकअपमध्ये चार्ज करून आणली. पण मधे चार-पाच तासांची एक दुपार अशी होती की बँक पिकअपमध्ये आणि पिकअप भोकरदनला. तेव्हा आईचा फोन. “मासे वर येऊ राहिले पोरी.” मी सांगितलं, तांब्यानं पाणी काढ आणि वरून ओत. ते बरोबरच आहे, पाणी उंचावरून पडलं की हवा घेऊन खाली जातं. पण पाच तास तांब्यानं कोण ओतत बसणार? तिला आजीचं बघायचं होतं, स्वयंपाक होता.

आईनं काय केलं, तर तेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन होता, आधीच धुऊन-वाळवून ठेवलेला. त्याच्या तळाला दाभणानं बारीक भोकं पाडली आणि पेटीच्या वर खुंटीला टांगला. पेटीतलंच पाणी मगानं त्यात भरायचं, ते थेंब थेंब परत पेटीत. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, तशीच. दर पंधरा मिनिटांनी येता-जाता दोन-तीन मग टाकायचे, बस्स. मी तिला ड्रिप एअरेशन, सरफेस अ‍ॅजिटेशन असं काय काय सांगत होते. ती म्हणाली, “गळती लावलीय, तू काम कर.”

चौदापैकी तेरा वाचले. एक मोठा एंजल दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. गप्पी सगळे जिवंत, त्यांना काही होत नाही. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे हौदात, डबक्यात सोडायला सांगतात ते उगाच नाही. पाण्याच्या अगदी वरच्या थरातला ऑक्सिजन घेऊन तो मासा तग धरतो.

गळती लावणार असाल तर एक सूचना. पिंडीवरची तांब्याची असते, माशांची तांब्याची नको. तांबं पाण्यात उतरलं तर माशांना वाईट, गोगलगाय आणि झिंग्याला तर फारच. प्लास्टिक किंवा स्टील. आणि साबणाचा डबा अजिबात नको.

आता काही गोष्टी भराभर. लाईट गेली की खायला टाकायचं बंद. मोठे मासे दोन-चार दिवस उपाशी सहज राहतात, आणि न खाल्लेलं अन्न सडून उरलेला ऑक्सिजन खातं. पाहुणे आले की ‘बिचारे उपाशी आहेत’ म्हणून कुणीतरी चिमूटभर टाकतंच. डबा लपवा. टँकची काचेची झाकणी उघडी ठेवा, जाळी टाका म्हणजे उडी मारून बाहेर पडणार नाहीत. फार तापत असेल तर ओलं फडकं बाहेरून काचेला, किंवा बर्फ केलेली बंद बाटली आत तरंगत ठेवा, पण हळूहळू. तासाला एक-दोन अंशापेक्षा जास्त उतरवू नका. बर्फ थेट पाण्यात तर नकोच.

हवेचा पंप टँकच्या खाली, स्टँडच्या कप्प्यात ठेवलेला असतो बहुतेकांचा. दिसायला छान. लाईट गेली की पंपाचा दाब थांबतो आणि टँकमधलं पाणी त्याच नळीतून उलटं खाली येऊ शकतं, शेतात नळीनं डिझेल उपसतो तसं. पाणी पंपात, पंपातून बोर्डात, आणि लाईट परत आली की स्फोट नाही पण शॉक नक्की. उपाय दोन. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, किंवा नळीत एकेरी झडप लावा, चेक व्हॉल्व्ह म्हणतात, चहाच्या किमतीत मिळते. दोन्ही करा. वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि एक्सटेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीला ठोका. घराच्या मेन बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर टँकचा खर्च थांबवून आधी तो बसवा. तो माशांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

लाईट परत येते तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. टँकवाल्यांनी मात्र तेव्हाच सावध व्हायचं. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर आहे, कॅनिस्टर. सोसायटीत रात्रभर लाईट नव्हती. सकाळी लाईट आली, फिल्टर आपोआप सुरू झाला, आणि दुपारपर्यंत मासे आडवे. रात्रभर त्या बंद डब्यात पाणी सडलं होतं, आतले जिवाणू मेले होते आणि तो सगळा मळ एका झटक्यात टँकमध्ये गेला. म्हणून चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिलेला बंद डब्याचा फिल्टर तसाच सुरू करायचा नाही. प्लग काढून ठेवायचा. उघडायचा, आतला स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून घ्यायचा, डब्यातलं पाणी फेकायचं, मग सुरू. नळाखाली धुवू नका, उरलेले जिवाणू क्लोरीननं जातील. टँकच्या आतच बसणारा साधा स्पंज फिल्टर असेल तर हा त्रास बराच कमी. गावाकडे मी साधा स्पंजच ठेवलाय, दिसायला गबाळा आहे, असू दे.

नळाच्या पाण्यावरून आठवलं. फेल्युअर झालं की पहिला सल्ला मिळतो, पाणी बदला. कुठलं पाणी? ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर पडली असेल तर त्या दिवशीचं पाणी माशांवर टाकणं म्हणजे विष देणं. पाणी टाकीत चोवीस तास उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, पण संकट चोवीस तास थांबत नाही. म्हणून एक टिपाड नाहीतर वीस लिटरचे दोन-तीन जार कायम भरून ठेवायचे, आठवड्याला ते भाज्यांना टाकून नवं भरायचं. शिवाय दुकानात अँटी-क्लोरीनची बाटली मिळते, ती जवळ असू द्या. तीत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला जे हायपो वापरायचे, तेच मीठ. आमच्या भागात उन्हाळ्यात माणसांना टँकरचं पाणी येतं, तेव्हा माशांसाठी टिपाड राखून ठेवणं सोपं नाही, हे मला कळतं. तेव्हा मासे कमी ठेवणं हाच खरा बॅकअप.

आता जे शहरातले व्हिडिओ सांगत नाहीत ते. आमच्याकडे कपाशी आणि मिरची. फवारणीच्या दिवसांत घराघरात औषध असतं. सायपरमेथ्रिनसारखी जी औषधं आहेत, पायरेथ्रॉइड म्हणतात त्यांना, ती माशांसाठी अत्यंत विषारी. माणसाला, जनावराला जे प्रमाण जाणवणारही नाही त्यात मासा जातो. फवारणी करून आलेला हात नुसता चुळकाभर धुऊन पेटीत घातला की संपलं. डासांची कॉइल, लिक्विडची मशीन, डेंग्यूच्या वेळी गल्लीत येणारी धुराची गाडी, यांतही याच घराण्यातली किंवा याच जातीची औषधं असतात. आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो! म्हणजे आपणच धूर पाण्यात भरतो. धुराची गाडी आली की पेटीवर ओलं फडकं टाका, अर्धा तास पंप बंद करा, खिडकी लावा. गाडी गेल्यावर आधी खोली मोकळी होऊ द्या, मग पंप. घरी पेटीत हात घालायचा मान एकाच माणसाचा, जो शेतात फवारत नाही. सगळे मासे एकदम, एका तासात, तडफडून गेले तर लाईटला दोष देण्याआधी हे आठवा. अशा वेळी उपाय एकच, मासे लगेच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात.

आणि आता बर्लिन. काच. कमी होतं, पण होतं तेव्हा मोठं होतं. माझा टँक तीन बाय एक बाय दीड फूट, सव्वाशे लिटर. नुसतं पाणी सव्वा क्विंटल, दगड-वाळू-काच धरून दीड क्विंटलच्या वर. समोरच्या काचेवर पाण्याचा जोर जवळपास ९५ किलो, दिवसरात्र. हा सगळा जोर सिलिकॉनच्या एका रेषेवर. स्टँड एका कोपऱ्यात चार-पाच मिलिमीटर खाली असला तरी काचेला पीळ बसतो. म्हणून टँक ठेवताना गवंड्याला बोलवा. तो पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघतो ना, तीच नळी. शहाबादी किंवा कडप्प्याची सपाट फरशी, तिच्यावर थर्माकोलची शीट, मग टँक. शीट बारीक उंचवटे गिळते.

तो फुटला तर दहा बाय बाराच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होईल असं वाटतं. हिशोब केला तर होतं एक सेंटिमीटर. बुडत कुणी नाही. पण जमिनीवर बोर्ड असेल तर ते एक सेंटिमीटर पुरतं. म्हणून गळती दिसली, आणि ही आईवाली नाही, खरी गळती, तर पहिलं काम मेन स्विच. ओल्या फरशीवर चपलेशिवाय उभं राहून टँकचा प्लग काढायला जायचं नाही. मेन बंद केला की हीटर, फिल्टर काढा. हीटर चालू राहून पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते. मग स्वच्छ बादल्यांत टँकचंच पाणी आधी भरा, मासे त्यात, वर फडकं, आत यूएसबी पंप. मगच उरलेलं पाणी नळीनं बाहेर. ओल्या सांध्यावर बाहेरून एम-सील, फेविक्विक थापू नका, तात्पुरतं थांबल्यासारखं दिसतं आणि रात्री सुटतं. सांधा कोरडा करून, जुना सिलिकॉन ब्लेडनं काढून, बुरशीनाशक नसलेला सिलिकॉन लावायचा, दोन दिवस व्हिनेगरचा वास जाईपर्यंत वाळू द्यायचा आणि अंगणात पाणी भरून एक दिवस नजर ठेवायची.

हे सगळं करायला बादल्या लागतात. त्या संडासच्या, निरम्याच्या नाहीत. दोन बादल्यांवर लाल टेप.

आणि कृपा करून, वाचवायचे म्हणून मासे नाल्यात, धरणात सोडू नका. उजनीत सकर मासा कसा पसरलाय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा, त्यांच्या जाळ्यांचं काय होतं ते. शेजारी, दुकानदार, कुणाचीही पाण्याची टाकी चालेल. धरण नाही.

आता थोडं माझ्या धंद्याचं. लाईट गेल्याचं मला पुण्यात कळावं म्हणून मी एक छोटं सर्किट बनवलं, ईएसपी८२६६ वर. पण बघा, लाईट गेली की घरचा राउटरही बंद. मग ‘लाईट गेली’ हा मेसेज पाठवणार कोण? म्हणून उलटं केलं. सर्किट दर पाच मिनिटांनी ‘मी आहे’ एवढंच सांगतं, आणि सर्व्हर पुण्याच्या बाजूला. तीन वेळा हाक आली नाही की सर्व्हर मला फोन करतो. आमच्याकडे याला हार्टबीट म्हणतात. काम झकास करतं. पण खरं सांगू का, त्याचा उपयोग एवढाच की मी आईला फोन करते आणि आई म्हणते, माहितीये मला, अंधार दिसतोय.

त्यापेक्षा कामाचा निघाला कागद. पेटीच्या मागे भिंतीला चिकटवलेला. मी पहिल्यांदा लिहिला तो दोन पानी होता, त्यात एअरेशन, अमोनिया, बॅकअप असे शब्द. आईनं वाचला आणि पाठकोऱ्या कागदावर स्वतः पुन्हा लिहिला. आज भिंतीवर तोच आहे. तो असा: लाईट गेली, घड्याळ बघ. खायला टाकू नको. लाल पट्टीचं मशीन लाव, बुडबुडे दिसतात का बघ. झाकण काढ, जाळी टाक. बुडबुडे थांबले तर गळती. पाणी खाली सांडलं तर आधी मेन, चप्पल घाल. लाईट आली, फिल्टर धू, पेटीच्या पाण्यात. खाली तिनं दुकानदाराचा आणि चुलत भावाचा नंबर लिहिलाय. माझा नाही. विचारलं तर म्हणाली, “तू तिथून काय करणार?”

नेटफ्लिक्सवाले म्हणे स्वतःच्याच चालू सर्व्हरमधला कुठलाही एक मुद्दाम बंद पाडतात, बाकीचे तोल सांभाळतात का ते बघायला. त्या सॉफ्टवेअरचं नाव केऑस मंकी. तेच करायचं. या रविवारी, दिवसाउजेडी, तुम्ही घरी असताना, टँकचा प्लग काढा. तुम्ही काही करू नका, खुर्चीत बसा. घरातल्या ज्या माणसाला खरंच करावं लागणार आहे त्याला कागद द्या आणि तासभर बघा. यूएसबी पंप कुठे आहे ते त्याला सापडतं का, बँक चार्ज आहे का, नळी पंपाला बसते का, की ती हरवलीय. मासे वर यायला लागले तर लगेच प्लग लावा आणि वेळ लिहून ठेवा, तो तुमच्या टँकचा खरा आकडा.

आमच्या घरी ही तालीम दिवाळीत झाली. आईला बावीस सेकंद लागले. भावाला पंपच सापडेना, कारण लाल पट्टीची बँक त्याच्या खिशात होती आणि पंप त्याच केबलला लटकलेला, गादीखाली.